घरचे अन्न व बाजारचा कायदा

अन्नाचा व्यवहार इतर सर्व व्यवहारांहून निराळा आहे. कापड विटके निघाले तर ते टाकून देता येते, भांडे फुटके निघाले तर दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन ठेवता येते; परंतु पोटात गेलेला घास परत करता येत नाही. जो दुसऱ्याच्या हातचे खातो तो त्या हातावर आपला जीव काही अंशी सोपवितो. हा विश्वास कोणावर आणि कशाच्या आधारावर ठेवावा, व त्यात सरकारने कोठवर हात घालावा, हा प्रश्न दिसण्यात चुलीपुरता आहे. परंतु परस्परांस न ओळखणाऱ्या माणसांनी एका गावात कसे नांदावे, या मोठ्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे असे आम्हांस वाटते.

पुणे शहरात हा प्रश्न अलीकडे पुष्कळदा डोळ्यांपुढे येतो. २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या बंधनातून मोकळा झाला, आणि त्याच वर्षी राज्य सरकारने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान हाती घेतले. शहराच्या निरनिराळ्या भागांत वार ठरवून असे बाजार भरतात. तेथे भाजीच्या ढिगांशेजारी बचत गटांच्या बायका पापड, कुरडया, मेतकूट, भाजणी, लोणची मांडून बसतात. डिसेंबरात भरणाऱ्या भीमथडी जत्रेत तर अशा पदार्थांसाठीच लोक दुरून येतात.

अशाच एका बाजारात आम्ही पाहिलेली एक साधी गोष्ट सांगतो. एक प्रौढ बाई नाचणीचे पापड, सांडगे, मेतकूट आणि एका मोठ्या डब्यात श्रीखंड घेऊन बसली होती. व्यवस्था पाहणारा एक तरुण आला व त्याने नोंदणीचा कागद मागितला. कागद नव्हता. "मावशी, कागद नसेल तर माल आत ठेवावा लागेल," तो अदबीने म्हणाला. त्यावर ती म्हणाली, "अहो दादा, कागद काय बघता? घरी चला, माझी चूल बघा, भांडी बघा." भोवती जमलेल्यांत दोन पक्ष झाले. एक म्हणे, मोठमोठे कारखानदार वाटेल ते विकतात त्यांस कोणी विचारीत नाही आणि या गरीब बाईस मात्र कायदा. ही तर चोर सोडून संन्याशाला सुळी. दुसरा म्हणे, नियम तो नियम. उद्या कोणास बाधले तर उत्तर कोण देणार? बाईने पापडही उचलले आणि श्रीखंडही उचलले. तिच्या घरी मात्र कोणी गेले नाही. आम्हीही गेलो नाही. आम्ही समोरच्या दुकानातून पापडाचे एक पुडके घेतले, आणि घरी येऊन पाहतो तो त्यावर ठळक अक्षरांत 'घरगुती चव' असे छापलेले होते.

या 'घरगुती' शब्दाचा आधी विचार केला पाहिजे, कारण सारा घोटाळा तेथेच आहे. आपल्या भाषेत हा शब्द केवळ ठिकाण सांगत नाही. तो गुणाची ग्वाही देतो. घरगुती म्हणजे स्वच्छ, घरगुती म्हणजे निर्भेळ, घरगुती म्हणजे पैशावर डोळा न ठेवता केलेले, इतके सर्व अर्थ आपण त्या एका शब्दात न तपासता स्वीकारतो. कारखानदारासही ते ठाऊक असल्यामुळे तोही त्याच शब्दाची झूल पांघरतो. पण घर हे स्वभावतःच स्वच्छ असते काय? घरोघरी मातीच्या चुली हे खरे, पण घरोघरीची फडकीही सारखीच असतात. एके वर्षी आमच्याच घरच्या एका मंगल कार्यात घरीच आटविलेली बासुंदी रात्रभर उघड्यावर राहिली आणि दुसऱ्या दिवशी ती वाढली गेली. त्या पंक्तीतली दहाबारा माणसे आजारी पडली. त्यांत एक लहान मुलगीही होती, व तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. पाहुण्यांपैकी एकानेही आम्हांस शब्दाने विचारले नाही. उलट "उन्हामुळे झाले असेल" असे म्हणून त्यांनी आमचीच समजूत घातली. ती लाज आम्हांस अजून विसरता येत नाही. पण त्या लाजेने आम्हांस एक गोष्ट शिकविली.

ती अशी की, पाहुण्यास प्रश्न विचारता येत नाही. प्रेमाने वाढलेल्या अन्नाची चौकशी करणे हा अपमान ठरतो, म्हणून घरच्या पंक्तीत दोष झाकला जातो. याच्या उलट, ज्या क्षणी अन्नाचे मोल घेतले जाते त्या क्षणी खाणारास विचारण्याचा अधिकार उत्पन्न होतो: यात काय आहे, केव्हा केले, कोणत्या पाण्याने केले? पैशाने नाते कोरडे होते असे आपण म्हणतो, व ते काही अंशी खरेही आहे. परंतु पैशाने माणसास तोंड फुटते, हेही तितकेच खरे आहे. विकणारी बाई आणि विकत घेणारा गृहस्थ समोरासमोर असतात तोवर हा प्रश्न तो स्वतःच विचारील. पण ज्यास तिचे घर पाहता येत नाही, ज्यास तिचे गावही ठाऊक नाही, त्याच्या वतीने तो कोणी विचारावयाचा? आमच्या मते अन्नाविषयीचा कायदा म्हणजे परक्या माणसाच्या वतीने विचारलेला हा प्रश्नच होय. त्याहून त्यास अधिक काही पवित्रता नाही आणि त्याहून कमी योग्यताही नाही.

कोणी म्हणेल की पूर्वी कायदा नव्हता, तरी लोक एकमेकांच्या हातचे खातच होते. खात होते खरे. याच पुण्यात कित्येक गरीब विद्यार्थी वार लावून जेवले; आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी, अशा रीतीने त्यांनी विद्या मिळविली. अशा निराधार मुलांची सोय व्हावी म्हणून १९०९ साली येथे अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. या व्यवहाराची थोरवी आम्ही नाकारीत नाही. पण तो विश्वास कशावर उभा होता हेही पाहिले पाहिजे. तो ओळखीवर उभा होता, आणि ती ओळख बहुतांशी जातीची होती. सोवळ्याचे नियम कितीही कडक असले तरी ते हात कोणाचा हे विचारीत. हात धुतलेला आहे की नाही हे विचारणे त्यांच्या दृष्टीने दुय्यम होते. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे व टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झाले, तेव्हा त्या चहात अपायकारक काही होते असे कोणाचेच म्हणणे नव्हते. आणि हा काळ सर्वस्वी मागे पडला असेही नाही. २०१७ साली याच शहरात, सोवळ्याच्या स्वयंपाकास लावलेल्या बाईने आपली जात लपविली म्हणून पोलिसांत तक्रार गेली होती. ओळखीचा विश्वास गोड असतो, परंतु तो ज्यांची ओळख नाही त्यांस दाराबाहेर ठेवतो. सरकारी नोंदणीच्या रुक्ष कागदास आडनाव दिसले तरी त्याचा अर्थ कळत नाही. तो कागद जिला मिळतो ती कोणत्याही वस्तीतली असो, तिचे पापड बाजारात एकाच पंक्तीस बसतात. कायद्याचा हा गुण त्याच्या निंदकांच्या ध्यानात येत नाही.

परक्याच्या हातच्या अन्नात धोका असतो ही गोष्ट जुन्या शास्त्रकारांसही ठाऊक होती. कौटिलीय अर्थशास्त्रात धान्य, तेल, मीठ, औषधे यांत भेसळ करणारास १२ पणांचा दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत अशाच अपराधास १६ पण आहेत. इंग्लंडात १८५८ साली ब्रॅडफर्ड येथे मिठाईत स्वस्ताईसाठी घालावयाच्या पांढऱ्या भुकटीच्या जागी चुकून सोमल पडला व सुमारे २० माणसे दगावली. तेव्हा लोकांचे डोळे उघडले, आणि १८६० साली तेथे भेसळीविरुद्ध कायदा झाला. ती मिठाई करणारा कोणी दुष्ट नव्हता, ती विकणाराही दुष्ट नव्हता. प्रत्येकाने आपल्या पूर्वीच्यावर विश्वास ठेवला, आणि त्या साखळीत कोणीच विचारले नाही. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९२५ साली, व पुढे साऱ्या देशासाठी १९५४ साली भेसळ प्रतिबंधाचे कायदे झाले. त्यांची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली, व त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले.

या नियमांविषयी लोकांत पुष्कळ गैरसमज आहे. लहान उत्पादकांस, फेरीवाल्यांस व घरी करून विकणारांस मोठ्या कारखान्याचा परवाना काढावा लागतो असे नाही. त्यांस केवळ नोंदणी करावयाची असते. २०११ च्या नियमांनी ही सवलत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणारांस दिली आणि नोंदणीची फी वर्षास १०० रुपये ठेवली. इतक्या अल्प फीस जुलूम म्हणणे हा अतिरेक होय. तेव्हा अडचण फीची नाही. अडचण अशी की नोंदणी पुरे की परवाना हवा, हे मुख्यत्वे उलाढालीवरून ठरते, पदार्थावरून नव्हे. मोठ्या व्यापाऱ्याची चूक हजारोंच्या पोटात जाते, म्हणून उलाढालीस काही अर्थ आहे. पण एकाच ताटातल्या दोन पदार्थांत कोणता घातक याचे उत्तर ती देत नाही. पूर्वी सांगितलेल्या बाईचे पापड आणि तिचेच श्रीखंड यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. उन्हात खडखडीत वाळलेल्या पापडात रोगजंतूंस वाढावयास पाणी उरत नाही, लोणच्यात मीठ व आंबटपणा त्यांस रोखतात, मुरंब्यात साखर. आपल्या आज्यांनी वाळवणे व साठवणे यांचे जे शास्त्र अनुभवाने बसविले, ते कोणत्याही सरकारी पत्रकाच्या तोडीचे आहे. परंतु खवा, पनीर, श्रीखंड, ओल्या नारळाच्या वड्या, पुरणपोळी यांना हे संरक्षण नाही. त्यांस थंडावा तरी हवा किंवा घाई तरी. त्या दिवशी पापड उचलावयास लावले हा अन्याय झाला, आणि श्रीखंड उचलावयास लावले हा न्याय झाला, असे आम्ही म्हणतो. नियमाने मात्र दोहोंस एकाच मापाने मोजले.

अमेरिकेत या बाबतीत निरनिराळ्या संस्थानांनी निरनिराळ्या वाटा धरल्या आहेत. कॅलिफोर्नियात २०१२ साली मंजूर झालेल्या कायद्याने पाव, जाम, सुका मेवा असे न नासणारे ठराविक पदार्थ घरी करून विकण्यास मोकळीक दिली. जो स्वतः ग्राहकाच्या हातात माल देतो त्यास आधी तपासणी नाही, जो दुकानदारामार्फत विकतो त्यास ती आहे. ओळख जितकी दूर तितका प्रश्न कडक, हे त्यातील तत्त्व आम्हांस फार मार्मिक वाटते. वायोमिंग संस्थान २०१५ साली याहून पुढे गेले: विकणारा व घेणारा समोरासमोर असतील आणि माल घरगुती व विनापरवाना आहे हे घेणारास माहीत असेल, तर बहुतेक पदार्थांस परवान्याची गरज नाही असे त्याने ठरविले. स्वातंत्र्यवादी लोकांस हा कायदा फार आवडतो. दोन सज्ञान माणसे राजीखुषीने व्यवहार करीत असता तिसऱ्याने मध्ये का पडावे, असे ते विचारतात.

हा आक्षेप साधा नाही, आणि त्यास उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. उत्तर असे की, विकत घेणारा आणि खाणारा हे पुष्कळदा एक नसतात. पिशवी भरून आणतो तो कर्ता पुरुष किंवा गृहिणी. खाते ते लेकरू, खातो तो अंथरुणावरचा म्हातारा, खातो तो संध्याकाळी आलेला पाहुणा. त्यांनी संमती कोठे दिली? ज्या मुलास भुईमुगाचे दाणे सोसत नाहीत, त्याच्या आईस चिवड्याच्या पुड्यावर दाण्याचे नाव दिसले पाहिजे. ते नसेल तर तिची राजीखुषी आंधळी आहे. आमच्या पंक्तीतल्या त्या लहान मुलीनेही संमती दिली नव्हती. म्हणून पदार्थात काय आहे, तो केव्हा केला, कोणी केला, एवढे खरे लिहिणे हे कोणत्याही चुलीस जड नाही, आणि त्यातून कोणासही सूट असू नये. लहान उत्पादकाचे खाणारे बहुधा लहानच लोक असतात. गरिबाच्या मालास कमी प्रश्न विचारावे असे म्हणणारा दयाळू गृहस्थ नकळत असे म्हणतो की गरिबाचे पोट स्वस्त आहे.

येथवर आम्ही कायद्याची बाजू घेतली. आता त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. प्रश्न विचारणे निराळे, आणि ज्याचे उत्तरच देता येणार नाही असा प्रश्न विचारणे निराळे. दुसरा प्रकार हा प्रश्नाच्या वेषातला मज्जाव होय. एका खोलीत राहणाऱ्या बाईस निराळे स्वयंपाकघर दाखव म्हणणे हे असेच आहे. तिच्या खोलीत जाऊन पाहणाराने कसे जावे, हेही महत्त्वाचे आहे. पुण्यास ते सांगावयास नको. १८९७ साली प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत, स्वयंपाकघरांत व देवघरांत शिरले. रोग खरा होता, तपासणीची गरजही खरी होती. पण ज्या रीतीने ती झाली तिने रोगाहून अधिक दाह उत्पन्न केला, आणि त्या वर्षीच्या २२ जून रोजी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. योग्य हेतूने दार ठोठावणाराही उद्धटपणे आत शिरला तर घरच्या माणसांस तो चोराहून निराळा वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. जो प्रश्न विचारतो त्यावरही काही उत्तरे देण्याची जबाबदारी येते. नोंदणी करणाऱ्या बाईस शुद्ध पाणी वापर असे सांगितले जाते. ते पाणी तिने कोठून आणावयाचे? २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूस, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत हातापायांतली शक्ती जाण्याचा गीयाँ-बारे नावाचा विकार पसरला, व पुणे परिसरात २०० च्या आसपास संशयित रुग्ण आढळले. दूषित पाण्याकडे संशय गेला, आणि कित्येक रुग्णांच्या तपासणीत पोटात बाधा करणारे जंतू सापडले. ही गावे २०१७ व २०२१ साली महापालिकेच्या हद्दीत आलेल्यांपैकी आहेत. तेथील एखादी बाई दिवसातून दहा वेळा हात धूत असेल. पण ज्या पाण्याने हात धुवावयाचे तेच दूषित असेल तर तिच्या स्वच्छतेस अर्थ काय? जे सरकार तिच्या चुलीस प्रश्न विचारते, त्यास तिनेही नळाविषयी प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो विचारण्याचा तिचा अधिकार कोणत्याही नोंदणीवर अवलंबून नाही.

हे सर्व बोलणे हवेतले आहे असे कोणास वाटू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटण्याचा उद्योग सुरू केला. आज तो श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या नावाने देशभर पसरला आहे. तेथे पीठ केंद्रात एकत्र मळले जाते, भगिनी ते घरी नेतात, आपल्याच घरी लाटतात व वाळलेले पापड केंद्रात आणून देतात. तेथे ते तपासून घेतले जातात, आणि त्यांच्या घरची स्वच्छताही वेळोवेळी पाहिली जाते. म्हणजे तपासणी आहे, नियम आहेत, नापसंत माल परतही होतो. पण पाहावयास येणारी बाई परक्या सत्तेची नसते, ती त्याच संस्थेतली असते, आणि ज्या नावाची इभ्रत ती राखते ते नाव लाटणारीचेही असते. येथे घर घर राहिले आणि बाजारचा विश्वासही मिळाला. जो नियम ज्यांस पाळावयाचा त्यांनीच तो आपला मानला, की त्याचा काच निघून जातो. ही गोष्ट राजकारणात जितकी खरी आहे तितकीच चुलीपाशीही.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. घरी केलेले अन्न विकणारीस प्रश्न विचारला जावा, व ती गरीब आहे म्हणून तो टाळला जाऊ नये. पण तो प्रश्न पदार्थाच्या धोक्याप्रमाणे लहानमोठा असावा, पापडास एक व श्रीखंडास दुसरा. जेथे घर अपुरे आहे तेथे बचत गटांस सामाईक स्वयंपाकघर मिळावे, आणि माल तपासून घेण्याची सोय त्यांच्या ऐपतीत असावी. बाजार भरविणारांनी ज्यांच्याजवळ कागद नाही त्यांस उठविण्याआधी तो काढून देण्यास मदत करावी. १०० रुपयांचे काम एखाद्या शिकलेल्या मुलाच्या अर्ध्या तासाचे आहे.

आणि आपण, जे विकत घेऊन खातो, त्यांनीही आपला दोष ओळखावा. आपणांस घरचे अन्न हवे, पण ते करणारीचे घर पाहण्याची तसदी नको. आणि कायदाही नको, कारण त्याने पदार्थ महाग होतो. हे दोन्ही बाजूंनी फुकट मिळविणे झाले. त्या बाजारातल्या बाईने "घरी चला, माझी चूल बघा" असे म्हटले, तेव्हा ती कायद्याचा अनादर करीत नव्हती; कायद्याने जे करावयास हवे होते त्याचेच ती आमंत्रण देत होती. ते आमंत्रण कोणीतरी स्वीकारले पाहिजे होते: बाजार भरविणाराने, सरकारने, किंवा आम्ही. कागद त्यानंतरची गोष्ट आहे.